कोंबडीच्या तळव्याचा संसर्ग आणि घरची मलमपट्टी : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे सहा कोंबड्या आहेत. गेल्या आठ महिन्यांत त्यांपैकी तिघींच्या पायांच्या तळव्यांना संसर्ग झाला, आणि त्यासाठी मी एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट, हे खायचे मीठ नव्हे), पोव्हिडोन आयोडीनचे जंतुनाशक द्रावण, जखमेला न चिकटणारे गॉज, स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी, रबरी हातमोजे आणि शस्त्रक्रियेचे एक पाते असे सामान जमवले. यातील पाते सोडून बाकी सगळे आजही वापरात आहे. पाते का बाजूला पडले, हे थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण घरगुती उपचारांची माहिती शोधताना सर्वांत आधी तेच हाती घ्यायला सांगणारे सल्ले मला मिळाले होते.

या विकाराला कोंबड्या पाळणारे बंबलफूट म्हणतात. तळव्याच्या मधल्या गादीवरील कातडीला बारीकशी चीर पडते किंवा ती घासली जाते, तेथून जिवाणू आत शिरतात (बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस), आणि काही दिवसांनी तेथे सूज व तिच्या मध्यावर काळी, गोल खपली दिसू लागते. माणसाच्या गळवात पातळ पू होतो, तसा पक्ष्यांत होत नाही. पू पातळ करणारी विकरे त्यांच्या पांढऱ्या पेशींत पुरेशी नसल्यामुळे तो घट्ट, पिवळट आणि चुऱ्यासारखा साचतो. ही गोष्ट मला उशिरा समजली. ती आधी ठाऊक असती, तर दाबून पू काढण्याचा पहिला प्रयत्न मी केलाच नसता.

पहिली रुग्ण होती काळी. साडेतीन किलो वजनाची ही आमची सर्वांत जड कोंबडी. ती एक पाय पोटाशी धरून उभी राहू लागली तेव्हा मी तळवा पाहिला, आणि खपलीभोवती गोल चीर देऊन आतला गड्डा उचलून काढायचा असे ठरवले. पाते निर्जंतुक होते, पण हात सराईत नव्हता. रक्त अपेक्षेपेक्षा पुष्कळ आले, आतील घट्ट पू आणि निरोगी ऊती यांतला फरक मला ओळखता येईना, आणि भूल न देता हे सारे चालले असल्यामुळे काळीला ज्या वेदना झाल्या असतील त्यांचा विचार आजही नकोसा वाटतो. कोंबडी ओरडत नाही, म्हणून तिला दुखत नाही असे समजू नये. दुबळेपणा लपवणे हा तिचा स्वभावच आहे. जखम वरवर भरून आली आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी सूज पुन्हा उभी राहिली. आतला काही भाग राहून गेला होता आणि मी कापलेली वाट जिवाणूंना उलट सोयीचीच ठरली असावी.

त्यानंतर महिनाभराने तांबडीला तोच त्रास सुरू झाला, तेव्हा मी पात्याला हात लावला नाही. लिटरभर कोमट पाण्यात एप्सम मिठाचे साधारण दोन मोठे चमचे विरघळवून त्यात तिचा पाय रोज पंधरा मिनिटे बुडवून ठेवू लागले. पाणी आपल्या मनगटाला सोसवेल इतपतच गरम असावे. मिठाने संसर्ग बरा होतो असा दावा मी करणार नाही. मला दिसलेला उपयोग इतकाच की खपली मऊ होते, कातडीतील घाण सुटते आणि पुढचे काम सोपे जाते. चौथ्या दिवशी तांबडीची खपली कडेने सुटू लागली, आणि बोथट चिमट्याने हलकेच धरताच तिच्याबरोबर आतला वाटाण्याएवढा घट्ट भाग कसलीही ओढाताण न होता बाहेर आला. जी खपली सहज सुटत नव्हती, ती मी तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय भिजवला. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ भिजवल्यास निरोगी कातडीही पांढरी पडून सोलवटते, आणि हे पाणी कोंबडीने प्यायल्यास तिला जुलाब होतात. म्हणून तिचे डोके टबाच्या बाहेर राहील असे तिला धरावे लागते.

धरण्याविषयी एक सूचना. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून डोळ्यांवर कापड टाकले की ती आश्चर्य वाटावे इतकी शांत होते, पण टॉवेल छातीभोवती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्यांचा श्वास चालतो, आणि घट्ट धरलेली कोंबडी आवाज न करता गुदमरू शकते. दोन माणसे असतील तर एकाने फक्त धरावे. मी अनेकदा एकटीने केले आणि प्रत्येक वेळी पट्टी वाकडी बसली.

आयोडीनबद्दल तक्रार नाही. बाजारात मिळणारे दहा टक्क्यांचे द्रावण मी एकास दहा या प्रमाणात पाण्यात मिसळते; रंग बिनदुधाच्या फिक्या चहासारखा दिसला की पुरे. सुरुवातीला मी हायड्रोजन पेरॉक्साइडही वापरले होते. त्याचा फेस पाहून काहीतरी जोरदार घडत असल्याचे समाधान मिळते खरे, पण रोज वापरल्यास ते भरून येणाऱ्या नव्या ऊतींनाही इजा करते, त्यामुळे ती बाटली मी दुसऱ्या आठवड्यातच बंद केली. वेदनाशामक घटक असलेली माणसांची मलमे पशुवैद्यांना विचारल्याशिवाय लावू नयेत, कारण बधिर करणाऱ्या औषधांची मात्रा पक्ष्यांना फार लवकर जास्त होते.

सगळ्या सामानात मला सर्वाधिक उपयोगी पडली ती लवचीक पट्टी, आणि सर्वाधिक डोकेदुखीही तिनेच दिली. ही पट्टी कातडीला किंवा पिसांना चिकटत नाही, फक्त स्वतःला चिकटते, त्यामुळे काढताना पीस उपटले जात नाही. प्रश्न तिच्या ताणाचा आहे. गुंडाळीतून ओढत ओढत पायावर गुंडाळली तर ती नंतर आक्रसत राहते, आणि काळीच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी बोटे सुजून गार पडलेली मला दिसली. तेव्हापासून मी आवश्यक तेवढा तुकडा आधी उलगडून कापून घेते, तो सैल पडू देते आणि मगच बांधते. माझ्याकडची पाच सेंटीमीटर रुंदीची पट्टी कोंबडीच्या पायासाठी निरुपयोगी ठरली. अडीच सेंटीमीटरची घ्यावी, आणि तिचेही लांबीत दोन भाग करावेत. गॉज तळव्यावर ठेवून पट्टी बोटांच्या मधून एकदा पुढे, एकदा मागे अशी फिरवून शेवट नडगीवर दोन वेढ्यांनी करावा. पुढची तिन्ही बोटे मोकळी हलली पाहिजेत. लाल पट्टी मी एकदाच वापरली: उरलेल्या पाच जणींनी तिला टोचून टोचून दुपारपर्यंत सोडवून टाकले. मातकट रंगाच्या पट्टीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

पट्टी ओली झाली की लगेच बदलावी. एरवी पहिल्या आठवड्यात रोज आणि पुढे दिवसाआड बदलणे मला पुरले. पावसाळी दिवसांत एका गुंडाळीचा फडशा दहा दिवसांत पडत असे, हेही हिशेबात धरावे. तांबडीचा पाय पूर्ण भरून यायला पाच आठवडे लागले. ज्यांना आठवड्याभरात गुण हवा आहे त्यांची या उपचाराने निराशा होईल.

तिसरी, कबरी, हिच्यावर मी घरी चारच दिवस उपचार केले. तिची सूज तळव्यावरून बोटांच्या मधे आणि नडगीवर चढू लागली होती, पाय हाताला गरम लागत होता आणि तिने खाणे कमी केले होते. संसर्ग हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत पोहोचला तर भिजवण्याने आणि पट्टीने काही साधत नाही, म्हणून तिला पशुवैद्याकडे नेले. त्यांनी भूल देऊन जखम साफ केली, प्रतिजैविक सुरू केले, आणि औषध चालू असताना व त्यानंतरही ठरावीक दिवस तिची अंडी न खाण्याची ताकीद दिली. माणसांसाठी आणलेली उरलीसुरली प्रतिजैविके कोंबडीला देण्याचा सल्ला मला एकाहून अधिक जणांनी दिला होता. तो मी मानला नाही याचे मला बरे वाटते. हातमोज्यांबाबतही हेच डॉक्टर ठाम होते, कारण हे जिवाणू आपल्या हातावरील साध्या ओरखड्यातूनही शिरू शकतात.

बाटल्या आणि पट्ट्या यांच्यावर इतके लिहूनही सांगायला हवे की फरक पडला तो खुराड्यातील बदलाने. कोंबड्यांची रात्री बसण्याची दांडी सव्वा मीटर उंच होती आणि खाली सिमेंट. साडेतीन किलोची कोंबडी रोज सकाळी तेथून कठीण जमिनीवर उडी घेत होती, आणि मी रोज संध्याकाळी तिचा पाय भिजवत होते! दांडी पंचेचाळीस सेंटीमीटरवर आणली, तिच्या कडा आणि कुसळे घासून काढली, रुंदी पाच सेंटीमीटर ठेवली आणि खाली लाकडाच्या कोरड्या भुशाची दहा सेंटीमीटरची गादी केली. पाण्याच्या भांड्याभोवती गादी सतत ओली होत असे, म्हणून भांडे जाळीच्या चौकटीवर उचलून ठेवले. काळीचे वजन उतरावे म्हणून चटकमटक दाणे देणेही बंद केले. त्याबद्दल तिची नाराजी अजून कायम आहे. या बदलांना साडेतीन महिने झाले आणि त्यानंतर नवी सूज कोणाच्याही पायावर आलेली नाही.

काळीचा तळवा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. कापलेल्या जागी हरभऱ्याएवढा कठीण गोळा राहिला आहे. त्यात ऊब नाही, खपली नाही, ती लंगडत नाही, आणि जोवर तो वाढत नाही तोवर त्याला हात लावायचा नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दर रविवारी रात्री, सगळ्या दांडीवर पेंगत असताना, मी बॅटरीच्या उजेडात बाराही तळवे पाहते आणि त्या गोळ्याची रुंदी मोजपट्टीने मोजून वहीत लिहिते. गेल्या सात नोंदींत आकडा एकच आहे, आठ मिलिमीटर.