फोन्तेन्हासमधलं पोर्तुगीज मालाचं दुकान: माल झकास, गोष्टी जुन्या

पणजीत फोन्तेन्हासच्या गल्लीत एक छोटंसं दुकान आहे, सगळा पोर्तुगालचा माल, सार्डिनचे डबे, ऑलिव्ह ऑइल, पोर्ट वाइन, बार्सेलोसचा तो रंगीत कोंबडा, टाइल्स. माल चांगला आहे हे आधीच सांगतो. तेलातली सार्डिन तर एक नंबर, शेवटी आपल्या तारल्यांचीच भावकी, गरम उंड्याबरोबर (गोव्याचा पाव) खाऊन बघा.

पण दुकानाचा थाट सगळा साम्राज्याचा. भिंतीवर गलबतं, मसाल्याच्या वाटेचा नकाशा, आणि काउंटरवरचे काका येणाऱ्या प्रत्येक टुरिस्टला ऐकवणार की लिस्बनहून गोव्याला माल येतो ही साडेचारशे वर्षांची परंपरा. अहो काका, डबा जरा उलटा करून बघा ना! बारकोड ५६० ने सुरू होतो म्हणजे पोर्तुगालमध्ये नोंदलेला हे बरोबर, पण तेलाच्या बाटलीवर जो मूळ प्रदेशाचा शिक्का आहे ती १९९२ ची युरोपियन योजना आहे, हा माल युरोपच्या बाजारासाठी बनतो आणि त्यातला थोडा ड्युटी भरून आपल्याकडे येतो.

जुना कारभार वेगळाच होता. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' करून टाकलं, म्हणजे कागदावर गोवा पण पोर्तुगालच, अंगोला-मोझांबिकचा कापूस सरकारने ठरवलेल्या पडेल भावात पोर्तुगालच्या गिरण्यांना आणि तिथलंच कापड, वाइन परत आफ्रिकेच्या गळ्यात. गंमत म्हणजे हे चालू असतानाच १९६० मध्ये हेच लोक ब्रिटन वगैरेंबरोबर एफ्टा नावाच्या युरोपियन व्यापार संघात संस्थापक म्हणून बसले होते, म्हणजे एक पाय आधीच तिकडे. पुढच्या वर्षी गोवा गेला, त्याच वर्षी आफ्रिकेत सुरू झालेलं युद्ध तेरा वर्षं चाललं, मग पोर्तुगालमध्ये १९७४ ची क्रांती, १९७५ पर्यंत अंगोला-मोझांबिक स्वतंत्र, आणि १९७७ मध्ये लगेच युरोपियन आर्थिक समुदायात (आजचं युरोपियन युनियन) घ्या म्हणून अर्ज. करारावर सह्या १२ जून १९८५ ला झाल्या त्या पण कुठे, तर लिस्बनच्या जेरोनिमोस मठात, जिथे वास्को द गामाची कबर आहे! १ जानेवारी १९८६ पासून मेंबर, आज त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शेजारचा स्पेन. असली भारी गोष्ट सोडून काका गलबतं दाखवतायत.

आणि खरं तर गोंयकाराला हे सांगायला नको, आपल्याकडे कितीतरी घरांत पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला न थांबता थेट इंग्लंडातलं स्विंडन गाठलेलं कोणीतरी आहेच, ब्रेक्झिटनंतर ती वाट आटली ते सोडा.

भाव चढे आहेत, पण इम्पोर्टेड म्हटल्यावर ते आलंच. सार्डिन आणि तेल घ्या, पोर्ट गोड चालत असेल तरच घ्या, कोंबडा मात्र नुसता शोपीस, पैसे वाया. माल पाचपैकी साडेचार, काकांची हिस्टरी दोन. काका स्वभावाने मात्र गोड, डबा फोडून चव पण देतात. आणि गाडी गल्लीत घालू नका, वळवता वळवता घाम फुटतो, मेन रोडला लावून चालत या.