घरगुती सीएनसी राउटरसाठी व्हॅक्यूम टेबल: गॅस्केटचे की एमडीएफमधून ओढणारे?

घरी जोडलेल्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेप्रमाणे फिरत्या कटरने लाकूड-ॲक्रिलिक कापणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक तुकडा क्लॅम्पने धरायचा, कटर क्लॅम्पवर आदळणार नाही ना याची काळजी करायची आणि काम संपल्यावर सगळे पुन्हा सोडवायचे, याला कंटाळलेला माणूस खालून हवा खेचून माल धरणाऱ्या व्हॅक्यूम टेबलाचा विचार करू लागतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा पंपाचा असतो: किती एचपीचा घ्यावा? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. आपण काय कापणार हा पहिला, कारण टेबल आणि पंप ही जोडी असते आणि एकाची निवड झाली की दुसऱ्याची आपोआप ठरते. नाशिकमध्ये घरच्या मशीनवर होणारी कामे साधारण दोन प्रकारची दिसतात. गणेशोत्सवाच्या आधीच्या दोन महिन्यांत एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) मखरे, जाळ्या आणि कमानी पूर्ण शीटमधून आरपार कापल्या जातात. तर वर्षभर वाइनच्या बाटल्यांच्या लाकडी पेट्यांची झाकणे, सन्मानचिन्हे, ॲक्रिलिकच्या नावाच्या पाट्या असे एकाच मापाचे लहान तुकडे पुन्हा पुन्हा कापावे लागतात. या दोन कामांच्या गरजा जवळजवळ उलट आहेत.

त्या उलट का आहेत हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. माल धरून ठेवतो तो वरच्या हवेचा दाब. पंप फक्त खालची हवा काढून घेतो. समुद्रसपाटीला हा दाब १०१.३ किलोपास्कल असतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे तो ९५ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.९६ किलो मिळतो, आणि पंपाच्या कॅटलॉगमधील आकडे समुद्रसपाटीचे असतील तर त्यांतून सहा-सात टक्के वजा करून चालावे. आता समजा, आपल्या टेबलाने २० किलोपास्कलचा फरक निर्माण केला. ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या तुकड्यावर त्यामुळे सुमारे १८४ किलोचा दाब येतो. कटरचा जोर मात्र आडवा असतो आणि त्याला विरोध करते ते घर्षण, घर्षणांक ०.३ धरला तर हा तुकडा सुमारे ५५ किलोचा आडवा धक्का सहन करेल, जे लहान राउटरला पुरून उरते. त्याच टेबलावर ५० बाय ५० मिलिमीटरचा तुकडा ठेवला, तर दाब ५ किलो आणि आडवी पकड जेमतेम दीड किलो. ६ मिलिमीटरचा कटर तो तुकडा भिरकावून देईल. या लहान तुकड्याखाली ८० किलोपास्कलचा फरक मिळवला तर मात्र आडवी पकड सहा किलोपर्यंत जाते आणि हलक्या, सावकाश पासने (कटरच्या फेरीने) काम होऊ शकते. थोडक्यात, मोठ्या शीटला कमी व्हॅक्यूम पुरतो, पण गळतीला पुरून उरेल एवढी भरपूर हवा खेचणारे यंत्र लागते. लहान तुकड्याला खोल व्हॅक्यूम लागतो आणि गळती जवळजवळ शून्य असावी लागते.

एमडीएफमधून हवा ओढणारे टेबल पहिल्या कामासाठी आहे. खाली खाचांची जाळी असलेला बेस असतो, त्यावर साध्या एमडीएफचा स्पॉइलबोर्ड (कटर लागून खराब झाला तरी चालेल असा वरचा बोर्ड) बसवतात आणि हवा त्या एमडीएफच्या अंगातूनच खाली खेचली जाते. एमडीएफची दोन्ही बाजूंची वरची कातडी आतल्या भागापेक्षा घट्ट असते, म्हणून दोन्ही बाजू मशीनवरच अर्धा ते एक मिलिमीटर सोलून काढाव्या लागतात, आणि चारही कडा फेव्हिकॉल किंवा रंगाचे दोन-तीन हात देऊन बंद कराव्या लागतात. हल्ली फर्निचरसाठी सर्रास मिळणारा एचडीएचएमआर बोर्ड येथे उपयोगाचा नाही. तो इतका घट्ट असतो की त्यातून पुरेशी हवा जात नाही. या टेबलाचा मोठा गुण असा, की आरपार कापताना कटर खाली स्पॉइलबोर्डमध्ये थोडा उतरला तरी काही बिघडत नाही. बोर्ड खराब झाला की पुन्हा सोलायचा, पातळ झाला की बदलायचा.

त्याचा दोष गळती. टेबलाचा जो भाग उघडा राहतो तेथून हवा शिरते, आणि जाळी कापताना तर दर छिद्रागणिक नवी वाट तयार होते. जाळीच्या शेवटच्या ओळी कापल्या जात असताना कान देऊन ऐकावे: सुरुवातीला चिरका असलेला व्हॅक्यूम मोटरचा आवाज हळूहळू खाली उतरतो आणि गेजची सुई १८ किलोपास्कलवरून ११ वर येऊन थांबते. त्या क्षणी आतली छोटी पाकळी सुटली तर ती कटरखाली येते, आणि पाकळीबरोबर शेजारची नक्षीही जाते. यावर उपाय आहेत. टेबलाचे चार भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह द्यावा. उघड्या भागावर जुन्या फ्लेक्स बॅनरचा तुकडा अंथरावा. तो हवेनेच चिकटून बसतो आणि झाकणाचे काम चोख करतो. लहान तुकडे आधी आणि बाहेरची कड शेवटी कापावी, शेवटच्या पासमध्ये ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा पापुद्रा ठेवून तो नंतर कटरने किंवा सँडपेपरने काढावा, आणि भुसा वर खेचणाऱ्या अपकट कटरऐवजी शीटला खाली दाबणारा डाउनकट किंवा कॉम्प्रेशन कटर वापरावा.

गॅस्केटचे टेबल याच्या उलट स्वभावाचे आहे. ॲल्युमिनियमच्या किंवा हायलमच्या (बेकेलाइटसारख्या कडक शीटच्या) जाड प्लेटवर २५ मिलिमीटरच्या चौकटी पाडून खाचा करतात आणि तुकड्याच्या आकाराप्रमाणे त्या खाचांत बंद पेशींच्या फोम रबराची दोरी बसवतात. दोरीच्या आतल्या क्षेत्रापुरताच व्हॅक्यूम होतो, उरलेले टेबल उघडे राहिले तरी हरकत नसते. पंप लहान चालतो, पकड कित्येक पटींनी चांगली मिळते आणि आवाज कमी होतो. पण येथे खाचेची खोली फार जपून ठरवावी लागते. मी पहिल्या प्लेटवर ६ मिलिमीटरच्या दोरीसाठी फक्त ३ मिलिमीटर खोल खाच काढली होती. पेटीचे झाकण टेबलावर टेकण्याऐवजी रबरावर तरंगत राहिले, आणि कोरलेल्या अक्षरांची खोली एका कोपऱ्यात कमी तर दुसऱ्या कोपऱ्यात जास्त आली. मापले तर फरक ०.३ मिलिमीटर होता. खाच साडेचार ते पाच मिलिमीटर केल्यावर दोरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर वर राहिली, पूर्ण दबली आणि झाकण प्लेटवर घट्ट टेकले. तुकड्याने बसायचे ते प्लेटवर. रबराने फक्त हवा अडवायची.

गॅस्केटच्या टेबलावर थेट आरपार कापता येत नाही, कारण कटर दोरी आणि प्लेट दोन्ही कापेल. म्हणून एकाच मापाचे पन्नास तुकडे करायचे असतील, तर त्या मापाची वेगळी फिक्सचर प्लेट करून घ्यावी, जिची खाच तुकड्याच्या कडेपासून पाच-सहा मिलिमीटर आत असेल. एकेकटी, दर वेळी वेगळ्या आकाराची कामे करणाऱ्याला हा उद्योग परवडत नाही. आणखी एक गोष्ट: कापायचा मालच सच्छिद्र असेल, म्हणजे उघडा एमडीएफ असेल, तर गॅस्केट कितीही चांगले असले तरी हवा मालाच्या अंगातून येत राहते. ॲक्रिलिक, लॅमिनेट लावलेला बोर्ड, ॲल्युमिनियम यांना ही अडचण नाही.

दोन्ही प्रकारांत एक चूक फार जण करतात, ती म्हणजे आतून पोकळ असलेली लाकडी पेटी बनवून तिच्यावर छिद्रांचा पत्रा किंवा प्लाय ठोकणे. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या पेटीवर २० किलोपास्कलला सातशे किलोंहून अधिक भार येतो. मधोमध आधार नसला तर वरचा पृष्ठभाग बशीसारखा खाली जातो आणि Z अक्षाचे (कटरच्या खोलीचे) शून्य कुठेच जुळत नाही. आत पोकळी नको, उथळ खाचा हव्यात.

आता पंप. एमडीएफच्या टेबलासाठी रिंग ब्लोअर सर्वांत योग्य: सिंगल स्टेज (एकाच चक्राचे) यंत्र साधारण १५ ते ३० किलोपास्कलपर्यंत जाते, हवा भरपूर खेचते, तेल लागत नाही आणि तासन्‌तास चालते. त्याच्या वाटेत रिलीफ व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम मर्यादेपलीकडे गेला की बाहेरची हवा आत सोडणारा) आणि फिल्टर मात्र हवाच. किमतीच्या दृष्टीने अनेक जण व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीकडे वळतात. ती २० किलोपास्कलच्या वर जाऊ शकते, पण घरगुती क्लीनरच्या साध्या मोटरीला खेचलेली हवाच थंड करते. टेबलावर माल घट्ट बसला की हवा थांबते आणि मोटर तापून जळते. घ्यायचीच असेल तर थंड करण्यासाठी वेगळा पंखा असलेली, ओल्या-कोरड्या क्लीनरमधली बायपास मोटर घ्यावी आणि तिचे कार्बन ब्रश झिजणार हे धरून चालावे.

गॅस्केटच्या टेबलासाठी व्हेन पंप (फिरत्या पात्यांनी खोल व्हॅक्यूम करणारा) हवा. कोरड्या व्हेनचा असेल तर तेलाची कटकट नाही. एसी मेकॅनिककडचा पंप उसना आणून चाचणी घेता येते, कायमचा लावू नये: तो बंद यंत्रणा रिकामी करण्यासाठी बनवलेला असतो, सतत हवा येत राहिली की तेलाचा धूर सोडतो. जुन्या फ्रिजचा कंप्रेसर ॲक्रिलिकच्या एखाद्या पाटीपुरता चालतो, त्यापुढे नाही. व्हेंच्युरी (दाबलेल्या हवेच्या झोतावर व्हॅक्यूम करणारी नळी) एका लहान फिक्सचरला पुरते, पण तिच्यासाठी हवेचा कंप्रेसर अखंड धडधडत ठेवावा लागतो.

विजेचा विचार आधी करावा. १२०० वॅटच्या दोन बायपास मोटरी, २.२ किलोवॅटचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) आणि पाऊण किलोवॅटचा धूळ खेचणारा पंखा मिळून साडेपाच किलोवॅटच्या आसपास जातात, म्हणजे २३० व्होल्टला २३-२४ अँपिअर. घराच्या सिंगल फेज जोडणीवर हे एकाच सॉकेट सर्किटवरून चालवू नये. मंजूर भार आणि वायरची जाडी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी. थ्री फेज ब्लोअर सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) चालतो, पण भार तेवढाच राहतो. व्हॅक्यूम कमी होताच मशीनला फीड होल्ड (कटरची चाल थांबवण्याची आज्ञा) देणारा प्रेशर स्विच लावणे मी ऐच्छिक मानत नाही. पंपाची एखादी वायर सैल झाली किंवा फिल्टर तुंबला, तर स्पिंडल फिरत असतानाच माल मोकळा होतो.

पावसाळ्याचा फटका एमडीएफच्या टेबलाला अधिक बसतो. जून ते सप्टेंबर स्पॉइलबोर्ड ओल धरून फुगतो, म्हणून त्या महिन्यांत दर आठवड्याला एकदा हलका पास देऊन तो सपाट करावा लागतो, आणि मखरांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. ओलीने वाकलेला प्लाय २० किलोपास्कलला स्वतःहून खाली बसत नाही; कोपरे हातांनी दाबून धरले की एकदा हवा धरतो आणि मग सुटत नाही. हायलमच्या प्लेटला यातले काही होत नाही.

माझा कौल असा. अर्ध्या शीटपेक्षा मोठे मशीन असेल आणि बहुतेक काम एमडीएफ-प्लाय आरपार कापण्याचे असेल, तर चार भागांचे एमडीएफ टेबल आणि रिंग ब्लोअर. मशीन दोन बाय दोन फुटांचे असेल आणि तुकडे ठरावीक मापाचे असतील, तर गॅस्केटची प्लेट आणि लहान कोरडा व्हेन पंप. खर्च, आवाज आणि वीज तिन्ही बाजूंनी घरासाठी हाच मार्ग सोपा आहे. महिन्याला चार-पाच वेगवेगळी कामे करणाऱ्याने सध्या दोन्ही बांधू नयेत. टेबलाला आणि मालाला मास्किंग टेप लावून त्यांच्यामध्ये इन्स्टंट ग्लूचे थेंब देऊन चिकटवले, तर लहान तुकडे व्हॅक्यूमपेक्षाही घट्ट बसतात.

कोणतेही टेबल निवडले तरी पूर्ण आकाराचे एकदम बांधू नये. ३०० बाय ३०० मिलिमीटरची एक प्लेट सध्याच्या बेडवर बोल्टने बसवावी, गेज लावावे, वर ॲक्रिलिकचा तुकडा ठेवून पंप सुरू करावा, आणि भुसा पूर्ण झाडून, स्पिंडल बंद ठेवून पेटवलेली उदबत्ती कडांवरून सावकाश फिरवावी. धूर जेथे आत वळतो तेथे सिलिकॉन भरावे, आणि पंप बंद केल्यावर सुई शून्यावर यायला किती सेकंद लागतात ते प्लेटवरच मार्करने लिहून ठेवावे.