मांजर खात नाही: वास दाखवून, औषधाने, सिरिंजने की नळीने?

आधी हिशोब. मांजराच्या आत्ताच्या वजनाला ३० ने गुणा आणि ७० मिळवा. चार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला १९० किलोकॅलरी लागतात, म्हणजे उकडलेल्या चिकनच्या छातीचं मांस साधारण ११५ ग्रॅम. म्हणून ‘थोडंसं खाल्लं’ यावर समाधान मानू नका. वाटी खाण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा.

मांजराला उपास झेपत नाही. अन्न थांबलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि तिथेच साठते. लठ्ठ मांजरात दोन-तीन दिवसांतही याची सुरुवात होऊ शकते. कानाची आतली बाजू आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागल्या तर उशीर झालेला असतो. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा. तीन दिवस निम्म्याहून कमी खाणं असेल तर नळीने थेट अन्ननलिकेत किंवा जठरात अन्न देण्याचा विषय तुम्हीच काढा.

आणखी एक गोष्ट आधी ठरायला हवी: खात का नाही? वाटीपाशी येऊन हुंगतं, ओठ चाटतं, लाळ गाळतं आणि तोंड फिरवतं, तर मळमळ आहे. घास उचलून खाली टाकतं, तर तोंडात दुखतंय. हुंगतच नाही आणि नाक भरलेलं आहे, तर त्याला वासच येत नाही. मळमळ थांबवल्याशिवाय खालचा कुठलाही उपाय चालत नाही.

वास आणि ऊब. सर्दीतून उठणाऱ्या किंवा कालपासूनच रुसलेल्या मांजरासाठी हे पुरतं. कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक पुसा, गरम पाणी सोडून वाफ भरलेल्या न्हाणीघरात दहा मिनिटं घेऊन बसा, मग अंगाइतकं कोमट अन्न पुढे करा. बिनमिठाची, बिनहळदीची उकडलेली मांदेली काटे काढून दिली तर बहुतेक मांजरं मान वर करतात. सुकटीची चिमूटभर पूडही चालते, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर तिच्यातलं मीठ नको. कांदा-लसूण असलेला रस्सा विषारी आहे. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर वाटी उचला. औषध अन्नात लपवू नका. मळमळत असताना समोर राहिलेल्या अन्नाचा मांजराला तिटकारा बसू शकतो.

भूक वाढवणारं औषध. मांजर थोडं खातंय पण पुरेसं नाही, अशा वेळी याचा उपयोग. नेहमीचं औषध मिर्टाझापिन. मांजराचा डोस साधारण २ मिलिग्रॅम, म्हणजे माणसांच्या साडेसातच्या गोळीचा पाव भाग. घोळ इथेच होतो: १५ ची गोळी आणून तिचा पाव भाग दिला की डोस दुप्पट. मग मांजर रात्रभर ओरडतं, फेऱ्या मारतं, थरथरतं. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेलं असेल तर सहसा दिवसाआड देतात. दुसरं औषध सिप्रोहेप्टाडिन. भूक तेही वाढवतं, पण मिर्टाझापिनचा परिणाम मारतं, म्हणून दोन्ही एकत्र नकोत. दोन दिवसांत वाटीतून खाल्लेल्या अन्नाचा आकडा वाढला नाही, तर औषधावर विसंबून आणखी दिवस घालवू नका.

सिरिंज. सगळ्यांच्या हाताशी असते, म्हणून सगळे तीच धरतात, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस धरून बसतात. आजारी मांजराच्या पातळ अन्नात मिलिलिटरला साधारण १ किलोकॅलरी असते. सुळ्याच्या मागून, डोकं सरळ ठेवून, एका वेळी एक मिलिलिटर सोडायचा आणि गिळू द्यायचं. चार किलोच्या मांजरासाठी हे दिवसाला १९० वेळा! घाईत डोकं मागे केलं की अन्न फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. दुसऱ्या दिवशी मांजर तुम्हाला पाहताच पलंगाखाली. एक-दोन दिवसांचा पूल म्हणून ठीक, त्यापुढे नाही.

नाकातली नळी. पूर्ण भूल लागत नाही, त्यामुळे अगदी खचलेल्या मांजराला हीच आधी. नळी बारीक, म्हणून फक्त पातळ द्रव जातो आणि गोळीची पूड अडकते. शिंकेने किंवा उलटीने ती बाहेर येऊ शकते. चार-पाच दिवसांची सोय.

मानेतली नळी. लोक हिलाच घाबरतात, आणि आमच्या मते आठवड्याहून लांबणाऱ्या आजारात हीच सगळ्यांत सोपी. थोड्या वेळाची भूल, मानेच्या डाव्या बाजूला छोटं छिद्र, नळी जागेवर आहे ना हे बघायला एक्स-रे. मांजर ती घालून झोपतं, खेळतं, तोंडाने खातंही. डब्यातलं अन्न पाणी घालून मिक्सरला फिरवा आणि गाळा. पाण्यामुळे ते मिलिलिटरला ०.८ किलोकॅलरीवर आलं, तर दिवसाला २४० मिलिलिटर: पाच वेळा ४८. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं लावा, आधी आणि नंतर ५ ते १० मिलिलिटर कोमट पाणी सोडा. शेवटचं पाणी विसरलात की नळी तुंबते. औषधंही यातूनच जातात.

पहिल्या दिवशी मात्र गरजेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम कोसळतं. पूर्ण मात्रा तीन-चार दिवसांत गाठा. उलटी झाली किंवा नळीचं टोक तोंडातून दिसलं तर काहीही सोडू नका, थेट दवाखाना. छिद्राभोवती पू, सूज किंवा वास आला तरी दाखवा. यकृत बिघडलेल्या मांजराचं रक्त नीट गोठत नसेल तर डॉक्टर आधी के जीवनसत्त्व देतात आणि तोवर नाकातली नळी वापरतात.

मांजर आठवडाभर आपल्या तोंडाने पुरेसं खाऊन वजन टिकवू लागलं की नळी बहुधा भूल न देताच ओढून काढतात. छिद्राला टाका घालत नाहीत, ते आपोआप भरून येतं.