वजनकाट्याच्या रांगेतला फिरता दवाखाना

साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर माझा चहाचा गाडा आहे, सांगली जिल्ह्यात. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि रात्रीअपरात्री टायरगाड्यांची रांग लागते. त्या रांगेतल्या बैलांवर फुकट उपचार करणाऱ्या इथल्या एका छोट्या संस्थेचं काम मी तीन हंगाम बघते आहे. माझ्याकडून पाचपैकी चार गुण. तक्रारही करणार आहे म्हणून नाव घालत नाही, आमच्या भागातल्यांना कळेलच.

पहिल्या वर्षी त्यांची गाडी दिसली की गाडीवान तोंड फिरवायचे. बैल धरून नेतील, पोलीस आणतील, अशी भीती. डॉक्टर मात्र हुशार माणूस. आधी माझ्याकडे चहा घ्यायचा, रांगेतल्या चौघांना पाजायचा आणि मग सहज विचारल्यासारखं, ‘डावा बैल जुवाखाली मान का वाकडी धरतोय हो?’ गाडीवानाला ते ठाऊक असतंच. खांदा सुजलेला, कातडं सोललेलं, वर हळद नाहीतर काळं तेल फासलेलं. डॉक्टर जखम धुणार, मलम लावणार, सुई टोचणार आणि चार दिवस जू ठेवू नका म्हणणार.

इथं खरी अडचण सुरू होते. चार दिवस बैल बांधून ठेवला तर हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल फिटायची कशी? खेपेवर पैसे. मला या लोकांचं आवडलं ते हे, की ते गाडीवानाला शिव्या देऊन निघून जात नाहीत. एका जोडीसाठी ते मुकादमाशी तासभर भांडले आणि तिच्या खेपा तीन दिवस टोळीतल्या दुसऱ्या गाड्यांवर वाटून घेतल्या. मुकादम माझ्याच बाकड्यावर बसून कुरकुरत होता, चहाचे पैसेही त्याने दिले नाहीत.

पराणीचा, म्हणजे बैल हाकायच्या काठीचा, त्यांचा हिशेब वेगळा. पराणीच्या टोकाची लोखंडी आर पकडीने उपसून घ्यायची आणि बदल्यात सुताची नवी वेसण द्यायची, कारण नायलॉनच्या दोरीने नाकपुडी चिरते. उपसलेल्या आरा माझ्या गाड्याखाली तेलाच्या डब्यात ठेवतात. मागच्या हंगामात डबा अर्धा भरला. काहीजण नवी वेसण घेऊन दुसऱ्या दिवशी नवी आर ठोकून येतात, तेही मी बघितलंय.

त्यांनी मराठीत छापलेला एक कागद माझ्या गाड्यावर चिकटवलाय. त्यामुळे मला कळलं की ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून नियम आहेत. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग ५ तासांवर नाही, ३७ अंशांच्या वर ऊन असेल तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही, आणि आर तर चालतच नाही. मार्चमध्ये भर दुपारी ही रांग बघायला या म्हणावं! बैल जुंपलेलेच उभे असतात, कारण रांग कधी सरकेल सांगता येत नाही. निदान जुवाखाली लाकडाचा टेकू लावा, हे संस्थेच्या पोरांनी एकेका गाडीवानाला दाखवलं. इस्लामपूरच्या आरआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली मानेवरचा भार कमी करायला जुवाखाली जादा चाक लावलं होतं. फोटो सगळ्यांनी बघितला, माझ्यासमोरच्या रांगेत तसली गाडी अजून आली नाही.

एकदा दारू पिऊन बैलाला पडेपर्यंत मारणाऱ्याविरुद्ध त्यांनी पोलिसात तक्रार दिली. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास म्हणजे माझ्याकडचे पाच चहा. त्यापेक्षा त्या माणसाची जोडी दोन दिवस दुसऱ्याच्या दावणीला बांधली, ते त्याला जास्त झोंबलं.

आता कापलेल्या एका गुणाचं. रात्री दोनला खुराची लोखंडी पत्री झिजलेला बैल डांबरी रस्त्यावर घसरून पडला. मी चार फोन केले, एकही उचलला नाही. सकाळी दहाला आले. एकच गाडी आणि तीन तालुके, हे मला समजतं, पण फोनवर एखादा माणूस तरी बसवा. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. त्यांच्यातल्या एका नव्या पोराने जखमी बैलासोबत गाडीवानाचा चेहरा दिसेल असा फोटो मोबाईलवर पसरवला. बिचारा स्वतःहून बैल दाखवायला आलेला, आणि गावाकडे तोच कसाई ठरला. ‘मावशी, परत न्हाई दाखवनार बगा,’ म्हणाला, आणि खरंच परत दाखवला नाही. डॉक्टरांनी त्याच्या खोपीवर जाऊन माफी मागितली. आता ते फक्त खांद्याचा फोटो काढतात.

पैसे द्यायचे असतील तर वेसणी, मलम आणि कापूस घेऊन द्या, पावती लगेच मिळते. फोन संध्याकाळी सातच्या आत करा. आणि ‘काट्याजवळचा पांढरा बैल’ एवढंच सांगू नका, गाडीचा नंबर आणि डावा की उजवा ते सांगा. मागे मी तेवढंच सांगितलं होतं, तर पोरं तीन गाड्या पुढच्या धडधाकट बैलाचा खांदा अर्धा तास चाचपत बसली होती.