कागद, बाल्सामिक, फिग्मा की अ‍ॅक्शर?

सॉफ्टवेअरचा कोड लिहिण्याआधी त्याच्या स्क्रीनचा कच्चा नमुना (प्रोटोटाइप) वापरणाऱ्यांपुढे ठेवायचा असतो. तो कागदावर काढावा, की बाल्सामिक, फिग्मा, अ‍ॅक्शर यांपैकी एखाद्या स्क्रीन आखायच्या साधनात? गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल बिलांचं सॉफ्टवेअर करायचंय असं धरा. सभासदाची थकबाकी ७,००० रुपये. वार्षिक २१ टक्के सरळव्याजाने महिन्याचं व्याज १२२ रुपये ५० पैसे. त्याने ५,००० भरले, तर ते आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात? सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं त्या मागणीपत्रातल्या ‘पावती नोंदवता यावी’ या ओळीखाली हा प्रश्न दडून राहतो. कोड झाल्यावर तो निघाला, तर डेटाबेस, बिलाचा नमुना, थकबाकीचा अहवाल, सगळंच पुन्हा उघडावं लागतं.

पहिल्या बैठकीला कागदच बरा. एका कागदावर एक स्क्रीन, आणि पेन्सिल खजिनदारांच्या हातात. खोडाखोड फुकट होते. फक्त प्रत्येक कागदावर क्रमांक आणि तारीख घाला, नाहीतर तिसऱ्या बैठकीत कुठला कागद शेवटचा यावरून वाद होतो.

बाल्सामिकमधले स्क्रीन मुद्दाम हाताने काढल्यासारखे दिसतात. त्यामुळे चर्चा रंगाऐवजी रकान्यांवर राहते. स्क्रीन एकमेकांना जोडता येतात, पण हिशेब होत नाही.

फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, अनेकांना एकाच वेळी शेरे मारता येतात, फोनवरही चालवून पाहता येतं. सभासदांसाठी अ‍ॅप करायचं असेल तर हेच घ्या. धोका त्याच्या देखणेपणातच आहे. “झालंच की, पुढच्या आठवड्यात द्या!” हे वाक्य इथेच ऐकू येतं. पहिल्या दोन फेऱ्या निव्वळ राखाडी रंगात करा. २०२३ पासून त्यात चल (बदलणारी किंमत धरून ठेवणारे व्हेरिएबल) आणि अटी वापरता येतात, पण सशुल्क योजनेत.

अ‍ॅक्शरमध्ये चल, अटी आणि यादी भरणारा रिपीटर आहे, त्यामुळे ५,००० टाइप केल्यावर खरा आकडा दाखवता येतो. मात्र शिकायला वेळ लागतो, आणि वीस स्क्रीन असे बांधायचे म्हणजे जवळजवळ कोडच लिहिणं. एवढ्याशा हिशेबासाठी आम्ही अ‍ॅक्शर घेणार नाही. एक्सेलच्या दोन रकान्यांत निकाल लागतो: आधी व्याज वळतं केलं तर मुद्दल २,१२२.५० उरतं; आधी मुद्दल वळतं केलं तर २,०००, आणि १२२.५० व्याज वेगळं. पुढच्या महिन्याचं व्याज पहिल्या रीतीने ३७.१४, दुसरीने ३५. हे आकडे दाखवले की समितीला निर्णय टाळता येत नाही. एका उत्तरावर पुढचे पाच स्क्रीन बदलत असतील, तेव्हा मात्र अ‍ॅक्शर पैसे वसूल करतं.

साधन कुठलंही असो, प्रात्यक्षिक देऊ नका. खजिनदारांना “हे ५,००० नोंदवा” म्हणा आणि गप्प बसा. नमुन्यात लांबलचक नाव, आगाऊ भरणा आणि परत गेलेला चेक हवाच. ‘अबक’ आणि १०० रुपयांवर सगळं सुरळीतच दिसतं. ठरलेली गोष्ट स्क्रीनच्या क्रमांकाखाली लिहून सही घ्या. जुन्या नोंदी आणणं, कोणाला काय बदलता येईल, वेग किती हवा, हे कुठल्याच नमुन्यात दिसत नाही. त्याचं पान वेगळं लिहा.