लेहचा होमस्टे, तोही फेब्रुवारीत

फेब्रुवारीत लेहला पाच रात्री एका घरगुती होमस्टेत राहून आलो, तेव्हापासून जो तो विचारतोय की हिवाळ्यात जावं का, म्हणून लिहितोय. आधी वेगळं हॉटेल बुक केलं होतं, ॲपवर चोवीस तास गरम पाणी लिहिलेलं, आणि निघायच्या दोन दिवस आधी फोन, पाइप गोठलेत, येऊ नका. पैसे मिळाले परत, पण हे आधी सांगायला काय जात होतं?

तिकडे थंडीपेक्षा पाण्याचीच खरी अडचण. पाइपात पाणी गोठून पाइप फुटतात म्हणून हिवाळ्यात लाइनच रिकामी करून ठेवतात, आणि बरीच हॉटेलं त्यामुळेच बंद असतात. होमस्टेवाल्यांनी हे फोनवरच स्पष्ट सांगितलं, नळ नाही, बादली मिळेल, टॉयलेट लडाखी पद्धतीचं कोरडं, वर फावडंभर माती टाकायची. आणि शब्द पाळला. आमा-ले, म्हणजे घरातल्या आई, रोज सकाळी दारात वाफाळती बादली ठेवायच्या. रात्री खिडकीत राहिलेला पाण्याचा ग्लास सकाळी उलटा केला तर थेंब पडला नाही, आणि ओला टॉवेल तर पत्र्यासारखा उभा राहिला. बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, झोपताना विझवतात, मग पहाटे नाक गार पडतं, पण दोन जाड रजया होत्या, निभावलं.

पहिले दोन दिवस कुठे नेलं नाही त्यांनी, साडेतीन हजार मीटर उंची आहे, नुसतं झोपा म्हणाले. ते ऐकाच. प्रीपेड सिम बाहेरचं चालत नाही, पोस्टपेड न्या.

पहिल्यांदा जात असाल, बरोबर लहान मुलं किंवा आईवडील असतील तर मी सप्टेंबर सांगेन, रस्ते उघडे, नळाला पाणी. जुलैत सगळं सोपं असतं असंही नाही, 2024 च्या जुलैत लेहला इतकं तापलं की विमानं रद्द झाली, उंचीवर हवा आधीच विरळ, तापली की आणखी विरळ, मग विमानाला उचल मिळत नाही. हिवाळ्यात बर्फामुळे रद्द होतात आणि तेव्हा मनालीचा रस्ताही बंद, म्हणून परतीला एक दिवस जास्तीचा ठेवाच. पण गोठलेला पँगाँग तलाव आणि रिकामं लेह बघायचंय तर फेब्रुवारीच, आणि मी परत याच घरात उतरणार. बुक करताना एवढं विचारा, बुखारी खोलीत आहे की फक्त स्वयंपाकघरात, आमच्या शेजारच्या खोलीत नव्हती.