आरओ यंत्र: दोन वर्षांच्या वापरानंतरचे मत

दोन वर्षांपूर्वी कोथरूडमधील नव्या घरात राहायला आलो, तेव्हा आरओ (दाबाने पाणी बारीक पडद्यातून काढून क्षार वेगळे करणे) आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणे) असे दोन्ही टप्पे असलेले जलशुद्धीकरण यंत्र आम्ही घेतले. यंत्र म्हणून त्यात नाव ठेवायला फारशी जागा नाही. टाकी लवकर भरते, आवाज कमी आहे आणि फिल्टर बदलणारा माणूस बोलावल्यावर येतो. तरीही ज्यांच्या नळाला धरणाचे पाणी येते अशा पुणेकरांनी ते घेऊ नये, या मतावर मी आलो आहे. त्याचे कारण यंत्राच्या मागून सिंकमध्ये सोडलेली बारीक नळी हे आहे.

या नळीकडे माझे लक्ष गेले ते सोलापूरहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरात पिंपे भरून ठेवावी लागतात. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच सकाळी ताईने काही न बोलता त्या नळीखाली बादली लावली आणि दुपारपर्यंत ती भरून वाहू लागली. मग मी मोजून पाहिले. एक लिटर शुद्ध पाणी मिळेपर्यंत तीन लिटर पाणी मागच्या नळीने निघून जात होते. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, दाखवणारा मीटर लावला, तेव्हा नळाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 90 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आढळले, यंत्राच्या पाण्यात 12, आणि बादलीतल्या पाण्यात 115. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने 500 पर्यंतचे प्रमाण योग्य मानले आहे. म्हणजे क्षारांपुरते बोलायचे, तर आम्ही जे टाकून देत होतो तेही या मर्यादेच्या पुष्कळ आत होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये, 500 पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओच्या वापरावर बंदी आणण्याचा आदेश दिला होता, तो याच उधळपट्टीमुळे.

चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज पंधरा लिटर धरले, तरी पंचेचाळीस लिटर पाणी वाया जाते. हे पाणी येते कुठून? आंबी, मोसे आणि मुठा यांच्या खोऱ्यांत पडलेला पाऊस पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत साठतो, आणि चारही धरणे काठोकाठ भरली तरी तो साठा 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडा वरच जातो. त्यातूनच शहर पाणी पिते आणि त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांना आवर्तन मिळते, त्यामुळे शहराने जास्तीचे उचललेले पाणी कुणाच्या तरी उभ्या पिकाच्या वाट्याचे असते. जाते कुठे, याचे उत्तर मला अधिक अस्वस्थ करते. सिंकमधून ते सांडपाण्यात मिसळते, मुळा-मुठेतून भीमेला मिळते आणि उजनीच्या जलाशयात पोहोचते. याच उजनीच्या उथळ काठावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, याच धरणातून सोडलेले पाणी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांच्या अंगावर येते आणि सोलापूरच्या नळांनाही जाते. धरणातून निघालेले निर्मळ पाणी आम्ही न वापरताच गटारात घालत होतो, आणि तेच गटार पुढे जाऊन ताईच्या पिंपाच्या वाटेवर मिळत होते.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याने पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली होती, आणि नळाचे पाणी बघता बघता तांबडे झाले होते. आम्ही घाबरलो, हे खरे आहे. पण तो गाळ पाण्यातला नसतो. विजेमुळे सळीतले लोखंड झिजून पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. हा प्रयोग करून यंत्र विकणाऱ्याकडून खरेदी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्यांच्या सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे टीडीएस 500 च्या बराच वर असेल, तर आरओ उपयोगाचा आहे. मात्र मोजणी एकदाच न करता उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळी करावी, आणि मागच्या नळीचे पाणी फरशी पुसायला, भांडी विसळायला साठवण्याची सोय यंत्र बसवतानाच करून घ्यावी. झाडांना ते घालण्याआधी मात्र त्याचाही टीडीएस पाहावा, कारण तेथे त्यात क्षार बरेच साचलेले असतात.

आमच्या घरी आता यूएफ (क्षार न काढणारी बारीक छिद्रांची गाळणी) आणि यूव्ही असलेले साधे यंत्र आहे. ते जंतूंचा बंदोबस्त करते आणि क्षारांना हात लावत नाही. किंमत निम्म्याहून कमी पडली, पाण्याची चव मला अधिक आवडते, आणि त्याला मागची नळीच नाही. दिवाळीला ताई येईल तेव्हा तिला ते दाखवायचे आहे.